±1 ग्रॅमची खात्री हवी, तर पाकिटं किती तोलायची? दोन टप्प्यांच्या नमुन्याची रीत

इंदूरला सांवेर रोडच्या पट्ट्यात नमकीनचे लहान-मोठे कारखाने आहेत. 200 ग्रॅम छापलेल्या शेवेच्या पाकिटात सरासरी खरोखर किती माल जातो, हा प्रश्न तिथल्या मालकाला पडतो आणि संख्याशास्त्राचा प्रकल्प घेऊन तिथे येणाऱ्या विद्यार्थ्यालाही. उत्तर दोघांना एकाच साच्यात हवं असतं: सरासरी इतकी, फार तर 1 ग्रॅम इकडेतिकडे, खात्री 95 टक्के.

चूकही दोघांची एकच होते. 30 पाकिटं तोलली जातात, कारण 30 पुरतात असं कुठेतरी ऐकलेलं असतं. हिशेब केला की अंतराल, म्हणजे खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावी तो पट्टा, ±1.5 येतो. मग आणखी 20 पाकिटं घेतली, ±1.1 आला. आणखी 15 घेतली, ±1 च्या आत आला, थांबले. वहीत 95 टक्के लिहिलं गेलं, पण ते 95 टक्के उरलेले नसतात. दर वेळी डोकावून, आकडा मनासारखा दिसला की थांबायचं, हा नियम ज्या सूत्रातून 95 आले त्या सूत्राला ठाऊकच नाही.

आधीच एक संख्या ठरवून टाकली तरी भागत नाही. पाकिटांच्या वजनातला फरक किती आहे हे माहीत नसेल, तर ठरावीक रुंदीचा आणि ठरावीक खात्रीचा अंतराल कोणत्याही एका आधी ठरवलेल्या नमुन्यातून मिळूच शकत नाही. हे गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी 1940 मध्ये सिद्ध केलं. त्यावरची दोन टप्प्यांची रीत संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइन यांची, 1945 ची. खाली तीच क्रमाने दिली आहे. तोलण्याचे टप्पे दोन, पण कामाच्या पायऱ्या सहा. क्रम मोडला की हमी गेली, म्हणून पायऱ्या पुढेमागे करू नका.

सर्वेक्षणात आधी जिल्हे, मग तालुके, मग गावं, मग घरं अशी निवड करतात, त्यालाही टप्प्यांची नमुना निवड म्हणतात. तो विषय वेगळा. इथे दोन्ही टप्प्यांत एकाच ढिगातली पाकिटं आहेत. पहिला टप्पा फक्त दुसऱ्याचा आकार ठरवतो.

पायरी 1 : काट्याला हात लावण्याआधी तीन आकडे लिहा

पहिला आकडा मर्यादेचा, म्हणजे सरासरीच्या एका बाजूला किती चूक चालेल. आपल्या उदाहरणात 1 ग्रॅम. अंतरालाची पूर्ण रुंदी याच्या दुप्पट, 2 ग्रॅम. मालक "एक ग्रॅमचा फरक" म्हणाला की त्याला एका बाजूचा म्हणायचा आहे की एकूण, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. एकूण रुंदी 1 ग्रॅम हवी असताना तुम्ही मर्यादा 1 धरली, तर लागणाऱ्या पाकिटांच्या चौथा हिस्साच तोलाल.

दुसरा आकडा खात्रीचा. 95 टक्के घेऊ.

तिसरा, पहिल्या टप्प्यात किती पाकिटं. इथे कंजुषी महागात पडते. दुसऱ्या टप्प्याचा हिशेब टी-तक्त्यातल्या (संख्याशास्त्राच्या पुस्तकांत मागे असतो त्या, नमुन्याच्या आकारानुसार बदलणाऱ्या किमतींच्या तक्त्यातल्या) किमतीच्या वर्गावर चालतो, आणि पहिला नमुना लहान असला की ती किंमत फुगते. 5 पाकिटांना टी 2.776 आहे, वर्ग 7.71. 10 पाकिटांना वर्ग 5.12, 15 ना 4.60, 30 ना 4.18. फरक किती हे आधीच पक्कं माहीत असतं, तर हाच आकडा 3.84 असता. म्हणजे 5 पाकिटांवर सुरुवात केली, तर त्या अज्ञानापायी सुमारे दुप्पट पाकिटं तोलावी लागतील. उलट पहिल्याच टप्प्यात 100 घेतली आणि गरज 60 ची निघाली, तर 40 फुकट गेली. माझं मत विचाराल तर 15 ते 30 च्या दरम्यान राहा. आपण 15 घेऊ.

*तपासा:* तिन्ही आकडे तारखेसह लिहून कारखान्यातल्या कोणाला तरी दाखवलेत का? नंतर मोह होणारच आहे, कागद आधी हवा.

पायरी 2 : ढीग ठरवा आणि पाकिटं आधीच वेगळी काढा

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून वाचा.

"पाकिटांची सरासरी" म्हणजे कुठल्या पाकिटांची? आजच्या सकाळच्या पाळीतली, की महिन्याभराची? पहिली 15 सोमवारी सकाळी तोलली आणि उरलेली बुधवारी संध्याकाळी, मध्ये ऑपरेटर बदलला, पाऊचचा रोल बदलला, मशीनची सेटिंग कोणी हलवली. मग ते दोन टप्पे एका ढिगाचे नाहीत. सोमवारच्या फरकावरून बुधवारच्या मालाला किती पाकिटं लागतील, हे ठरवण्यात अर्थ नाही.

यावर सोपा उपाय आहे. एक पाळी किंवा एक बॅच हा ढीग ठरवा आणि काम संपेपर्यंत ते खोके बाजूला ठेवायला सांगा. त्या संपूर्ण बॅचमधून, सुरुवात-मध्य-शेवट सगळीकडून, यादृच्छिक आकड्यांनी 100 पाकिटं काढा. मोबाइलवरचं रँडम नंबर ॲप चालेल, डोळे मिटून हात घालणं चालणार नाही, हात नेहमी वरच्या थरातच जातो. या 100 पाकिटांना चिठ्ठ्यांनी क्रम द्या आणि पाकिटांवर मार्करने 1 ते 100 लिहा. पहिला टप्पा म्हणजे क्रमांक 1 ते 15. दुसरा टप्पा 16 पासून पुढे, हिशेब सांगेल तितका. उरलेली परत खोक्यात. 100 कमी पडली तर त्याच बाजूला ठेवलेल्या मालातून तशीच यादृच्छिक भर घाला.

इशारा: सलग निघालेली 15 पाकिटं कधीही घेऊ नका. एका मिनिटात निघालेली पाकिटं एकमेकांसारखी असतात. फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि दुसरा टप्पा लहान पडतो.

दुसरा इशारा चार हेडच्या, म्हणजे आळीपाळीने चार तोंडांतून माल सोडणाऱ्या, मशीनसाठी. "दर चौथं पाकीट" असा नियम केलात तर सगळी पाकिटं एकाच हेडची येतील. ते हेड 3 ग्रॅम जास्त सोडत असेल तर तुमची सरासरी त्या हेडची, कारखान्याची नव्हे.

पायरी 3 : काटा तपासा, मग पहिली 15 तोला

पाकिटांची संख्या वाढवून काट्याची चूक कमी होत नाही. काटा प्रत्येक पाकीट 1 ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर हजार पाकिटं तोलूनही सरासरी 1 ग्रॅम जास्तच येईल आणि तुमचा ±1 चा अंतराल खऱ्या सरासरीच्या भलतीकडे बसेल. म्हणून 200 ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून सुरुवातीला एकदा आणि मध्ये दोन-तीनदा पाहा. पंखा बंद करा. हलक्या पाऊचवर वारा लागला की शेवटचा अंक नाचतो.

निव्वळ वजन हवं असेल तर रिकाम्या पाऊचचं वजन वजा करायला हवं. एक रिकामा पाऊच तोलून भागवू नका. त्याच रोलमधले 20 एकत्र तोला आणि 20 ने भागा. ते उत्तर सगळ्या पाकिटांना एकच वापरा.

आता 15 पाकिटं. हिशेब दिसावा म्हणून मी पूर्ण ग्रॅममधले आकडे घेते:

203, 198, 206, 201, 195, 204, 199, 208, 202, 197, 205, 200, 194, 203, 200

बेरीज 3015, सरासरी 201. प्रत्येकातून 201 वजा करून वर्ग केले की त्यांची बेरीज 224. तिला 15 ने नाही, 14 ने भागायचं. प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, 16 आला. त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाणित विचलन, 4 ग्रॅम.

194 पाहून "हे पाकीट खराब असेल, काढून टाकू" असं वाटेल. पाऊच फाटलेला नसेल आणि नोंद चुकलेली नसेल, तर ते राहू द्या. ते काढलंत की फरक खोटा कमी होतो, आणि पुढचं सगळं त्या फरकावरच उभं आहे.

*तपासा:* एक्सेलमध्ये प्रचरणाची दोन फंक्शनं आहेत. नावाच्या शेवटी एस असलेलं घ्या. पी असलेलं 15 ने भागतं आणि 14.93 देतं. मग एकूण नमुना 5 पाकिटांनी कमी निघेल.

पायरी 4 : एकूण नमुना काढा

टी-तक्त्यात 14 डिग्रीज ऑफ फ्रीडम (फरक मोजलेल्या पाकिटांच्या संख्येतून 1 वजा) आणि दोन्ही बाजू मिळून 5 टक्के यासमोर 2.145 आहे. आता:

टीचा वर्ग × प्रचरण ÷ मर्यादेचा वर्ग = 4.601 × 16 ÷ 1 = 73.6

अपूर्णांक वरच्या पूर्ण संख्येला न्या: 74. ही संख्या पहिल्या टप्प्यापेक्षा मोठी असेल तर तीच एकूण नमुना. लहान असेल तर पहिला टप्पाच एकूण नमुना. इथे एकूण 74, म्हणजे आणखी 59 पाकिटं.

मर्यादा बदलली तर काय होतं ते एकदा पाहून ठेवा, मालकाशी बोलताना उपयोगी पडतं. 2 ग्रॅम चालत असेल तर 19 पाकिटं. दीड ग्रॅमला 33. अर्धा ग्रॅम हवा असेल तर 295. मर्यादा निम्मी केली की काम साधारण चौपट.

या पायरीवर तीन चुका वारंवार दिसतात.

एक, टीऐवजी 1.96 (फरक आधीच पक्का माहीत असतानाचा आकडा, वरच्या 3.84 चं वर्गमूळ) वापरणं. मग 62 पाकिटं निघतात आणि खात्री 95 ऐवजी सुमारे 93 टक्के उरते. पहिला टप्पा 5 चाच असता तर 1.96 ने ती 88 टक्क्यांवर येते. पहिला नमुना लहान, आणि फरकाचा अंदाज त्यातूनच घेतलेला, याची किंमत टी वसूल करतो. ती चुकवता येत नाही.

दोन, एका बाजूचा टी घेणं. तक्त्यात 0.05 चा स्तंभ पाहून 1.761 उचलला तर 50 च पाकिटं निघतील आणि खात्री 90 टक्क्यांची होईल. आपल्याला प्रत्येक बाजूला अडीच टक्के हवेत.

तीन, डिग्रीज ऑफ फ्रीडम 73 धरणं, "एकूण 74 आहेत ना" म्हणून. फरक मोजला 15 पाकिटांवर, म्हणून 14. दुसऱ्या टप्प्यानंतरही 14 च.

पायरी 5 : दुसरा टप्पा

क्रमांक 16 ते 74 तोला. मध्ये थांबून सरासरी काढू नका. काढलीच, तरी तिच्यावरून काहीही ठरवू नका.

या रीतीचा सगळा जीव या एका अटीत आहे. वजनं नॉर्मल वितरणाची (सरासरीभोवती दोन्ही बाजूंना सारखी, घंटेच्या आकारात पसरलेली) असतील तर नमुन्याची सरासरी आणि नमुन्याचं प्रचरण एकमेकांपासून स्वतंत्र असतात. 15 पाकिटांत फरक जास्त दिसला, यावरून सरासरी वर आहे की खाली, याचा काहीच सुगावा लागत नाही. म्हणून फरक पाहून नमुन्याचा आकार ठरवला तरी सरासरीच्या हिशेबाला धक्का लागत नाही. सरासरी पाहून आकार ठरवलात, उदाहरणार्थ "200 च्या वर आली, बस झालं", तर ही स्वतंत्रता गेली आणि तिच्याबरोबर 95 टक्केही गेले.

दुसऱ्या टप्प्यातल्या 59 पाकिटांची बेरीज 11,829 आली असं धरू.

पायरी 6 : अंतराल लिहा

सरासरी सगळ्या 74 ची: 3015 + 11,829 = 14,844. त्याला 74 ने भागून 200.6. अंतराल 199.6 ते 201.6 ग्रॅम.

बस, एवढंच. मर्यादा 1 ठरवली होती, तीच दोन्ही बाजूंना लावायची.

पहिल्या टप्प्याची सरासरी 201 आणि दुसऱ्याची 200.49 यांची सरळ सरासरी काढून 200.75 लिहिणारे असतात. 15 आणि 59 यांना सारखंच वजन कसं द्यायचं? बेरजा मिळवूनच भागा. उलट काही जण पहिल्या 15 ना "ती फक्त चाचणी होती" म्हणून वगळतात. ती पाकिटंही त्याच ढिगातली आहेत, त्यांना ठेवा.

आणखी एक सवय: 74 पाकिटांवर प्रमाणित विचलन नव्याने काढायचं, नेहमीचं सूत्र लावायचं, आणि ±0.9 आलं की तेच लिहायचं, ±1.1 आलं की आणखी पाकिटं आणायला पळायचं. दोन्ही करू नका. नवं प्रमाणित विचलन माहिती म्हणून वेगळ्या ओळीत जरूर लिहा, पुढच्या वेळी कामाला येईल. या अंतरालात त्याला जागा नाही.

एकूण नमुना आवाक्याबाहेर आला तर

समजा मर्यादा अर्धा ग्रॅम ठरवली होती आणि 295 पाकिटांचा आकडा पाहून मालकाने हात जोडले. अशा वेळी दुसरा टप्पा गुपचूप 100 वर थांबवून ±0.5 लिहिणं ही फसवणूक आहे.

मर्यादा वाढवता येते, पण दोन अटींवर. वाढवताना फक्त प्रचरणाकडे पाहायचं, सरासरीकडे नाही. आणि बदल अहवालात लिहायचा. या दोन्ही पाळल्या तर नव्या मर्यादेसह 95 टक्के शाबूत राहतात, कारण निर्णय अजूनही केवळ फरकावरच बेतलेला आहे. गेलं ते एवढंच की आधी ठरवलेली रुंदी मिळाली नाही. या कामासाठी एक युक्ती: पहिल्या टप्प्याचे आकडे दुसऱ्या कोणाकडे द्या आणि त्याच्याकडून प्रचरणच घ्या, सरासरी विचारूच नका.

तीन टप्पे, किंवा एकेक पाकीट

दोन टप्प्यांच्या रीतीत फरकाचा अंदाज पहिल्या 15 वरच अडकतो. ते 15 योगायोगाने फार विखुरलेले निघाले तर गरजेपेक्षा बरीच जास्त पाकिटं तोलावी लागतात. पीटर हॉल यांनी 1981 मध्ये मांडलेली तीन टप्प्यांची रीत हा तोटा कमी करते. पहिल्या 15 वरून अंदाजे गरज काढायची आणि तिच्या निम्म्यापर्यंतच जायचं. आपल्या आकड्यांत 1.96 चा वर्ग गुणिले 16 म्हणजे 61.5, त्याचं निम्मं 31 पाकिटं. तिथे थांबून 31 पाकिटांवर प्रचरण पुन्हा मोजायचं आणि उरलेली संख्या त्यावरून ठरवायची. समजा ते 20.25 आलं, 1.96 ने एकूण 78 निघतील. मी अशा ठिकाणी 30 डिग्रीज ऑफ फ्रीडमचा 2.042 घेऊन 85 करायला सांगते. हा सावधपणा आहे, हमी नाही. इथे 95 टक्के जवळपास मिळतात, आणि मर्यादा बारीक होत जाईल तसे अधिक नेमके मिळतात. स्टाइनच्या रीतीसारखी "95 किंवा जास्तच" अशी खात्री नाही.

एकेक पाकीट घेऊन दर वेळी प्रचरण मोजायचं आणि संख्या पुरेशी झाली की थांबायचं, ही चाउ आणि रॉबिन्स यांची 1965 ची रीत. ती पाकिटं सर्वात कमी खाते. तिच्यातला धोका सुरुवातीचा: पहिली चार-पाच पाकिटं योगायोगाने सारखी निघाली तर नियम तिथेच थांबायला सांगतो. म्हणून किमान 15 झाल्याशिवाय थांबण्याचा विचारच करायचा नाही. पाकिटं तोलण्यासाठी ही रीत मी सुचवणार नाही, दर पाकिटाला हिशेब करायला तिथे वेळ कोणाला? एकेका चाचणीला दिवस लागतो किंवा माल नष्ट होतो, तिथे मात्र तीच घ्या.

ही रीत कुठे लावू नये

पाकिटांत गळकी किती टक्के, असा प्रश्न असेल तर दोन टप्प्यांची गरजच नाही. टक्केवारीच्या अशा प्रश्नात प्रचरणाला वरची हद्द आहे, 0.25. ±5 टक्के बिंदूंसाठी 385 पाकिटं कोणत्याही परिस्थितीत पुरतात, हे आधीच सांगता येतं.

वजनांचा आलेख एका बाजूला लांब शेपूट असलेला असेल, किंवा दोन हेडमुळे दोन उंचवटे दिसत असतील, तर वरची स्वतंत्रता टिकत नाही. 15 आकडे साध्या टिंबांनी कागदावर मांडून पाहा. दोन उंचवटे दिसले तर हेडवार दोन वेगळी कामं करा. शेपूट दिसली तर पहिला टप्पा 30 चा करा आणि अहवालात 95 च्या आधी "सुमारे" लिहा.

नापतौल विभागाची, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, तपासणी हा आणखी वेगळा विषय. तिथे सरासरीबरोबर एकेका पाकिटातली तूटही पाहतात. आपल्या अंतरालातली सरासरी 200.6 असली, तरी त्यात 194 ग्रॅमचं पाकीट आहेच. मालकाला हे स्पष्ट सांगा.

अहवालात काय लिहायचं

आधी ठरवलेली मर्यादा, खात्री आणि पहिल्या टप्प्याची संख्या. ढीग कोणता, पाकिटं कशी काढली. पहिल्या टप्प्याचं प्रचरण आणि टीची किंमत. एकूण नमुना कसा निघाला. सगळ्यांची सरासरी आणि अंतराल. आपल्या उदाहरणाचं वाक्य असं: "15 पाकिटांवर प्रचरण 16, ±1 ग्रॅम व 95 टक्क्यांसाठी एकूण 74, सरासरी 200.6, अंतराल 199.6 ते 201.6." कच्चे 74 आकडे त्याच क्रमाने शेवटी जोडा, 15 नंतर एक आडवी रेघ मारून, म्हणजे वाचणाऱ्याला पहिला टप्पा स्वतः मोजून पाहता येईल.